काळीतलं घर

आमचे घरमालक घरात येताना दार वाजवायचे नाहीत, खाकरायचे नाहीत, हाकही मारायचे नाहीत. आधी आत यायचे, आणि आपण दचकून वळलो की म्हणायचे, "मीच हाये." दुसरं कोणी असतं तर दचकण्यात काही अर्थ होता, असा त्यांचा सूर असायचा.

अख्खं बीबी गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायचो. सत्तरीला टेकलेले, उंच, कमरेत थोडे पुढे झुकलेले. अंगात कोपरी आणि पायजमा, डोक्यावर टोपी. उजव्या हाताच्या बोटांवर कायम काहीतरी पांढरं वाळलेलं असायचं. पहिल्या भेटीत मला ते इसब वाटलं आणि नोकरीच्या सवयीने मी त्यांचा हात धरून बघायला गेले. ती कणकेची खळ होती. कशासाठी लागते म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लागते घराले."

मी आरोग्यसेविका. धामणगाव बढ्याहून बदली होऊन बीबीला आले तेव्हा लेक नववीत होती. नवरा मेहकरला एका कृषी केंद्रात कामाला, सकाळच्या एसटीने जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. आम्हाला पक्कं घर हवं होतं, आत संडास-बाथरूम असलेलं, आणि गावात तसं भाड्याचं घर एकच रिकामं होतं. आबांचं. मोठ्या रस्त्याला लागून, स्लॅबचं, एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्याकडे, मधलं स्वयंपाकघर, मागची खोली अंगणात उघडणारी. त्या अंगणात टिनाच्या दोन खोल्या टाकून आबा आणि त्यांची बायको राहायचे. अंगणापलीकडे त्यांचा वांगी-मेथीचा मळा. पक्क्या घरात भाडेकरू आणि टिनाखाली मालक, हे मला विचित्र वाटलं होतं, पण आपल्याला काय करायचंय म्हणून मी सोडून दिलं.

घर दाखवताना आधीच्या भाडेकरूंची चौकशी केली. एक गुरुजी होते, एक बँकेतले होते, एक तलाठी. सगळे वर्ष-दीड वर्षात गेलेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने हसत सांगितलं, "घर चांगलं हाये, मॅडम. मालक येडा हाये." मला वाटलं, वेड्या मालकाला सांभाळणं गळक्या घराला सांभाळण्यापेक्षा सोपं असेल.

आबांचं येणं मागच्या दाराने असायचं. त्या दाराची एक गंमत होती. पावसाळ्यात ते चौकटीत असं घट्ट बसायचं की आम्हालाच खांदा लावून उघडावं लागायचं. उन्हाळा लागला की कडी आणि कडीचं भोक एकमेकांपासून बोटभर लांब जायचे, कडी लागायचीच नाही. लाकूड कच्चं असेल, असं आम्ही धरून चाललो. म्हणजे आमचा एकांत पावसावर अवलंबून होता. आषाढ-श्रावणात आम्ही तिघं आमच्या घरात राहायचो. फाल्गुनापासून पुढे चौघं.

आत येऊन ते करायचे तरी काय? चोरी नाही, चौकशी नाही. भिंतीला हात लावायचे. गायीच्या पाठीवरून फिरवतात तसा तळवा भिंतीवरून फिरवायचे, मध्येच थांबायचे, बोटाच्या पेराने ठोकून कान देऊन ऐकायचे. जिथे भेग असेल तिथे जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी फाडून खळीने चिकटवायचे. आमच्या घराच्या भिंतींवर अशा गुलाबी-पिवळ्या पट्ट्या जागोजागी होत्या, कुठे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' एवढाच तुकडा, कुठे नुसता गणपती. जुनी पट्टी मधोमध फाटलेली दिसली की तिच्यावर नवी लावायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, भेगेतून इच्चू येते. लेक विंचवाला घाबरायची. त्यामुळे पट्ट्यांना आमच्याकडून कधी विरोध झाला नाही.

जाता जाता बाकीचीही कामं उरकायचे. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचे. गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलून म्हणायचे, "वांग्याले फोडणी कमी पडली, शिस्टरबाई." दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार वांगी आणि सांभाराची जुडी ठेवलेली असायची. सांभार म्हणजे कोथिंबीर. धामणगावातही आम्ही सांभारच म्हणायचो. आता, ज्या माणसाने न विचारता घरात येऊन सांभार ठेवला त्याच्यावर रागवायचं कसं? आणि जो सांभार ठेवून गेला तो तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून गेला, हेही विसरायचं कसं? मी सांभार वापरायची आणि रागवायचीही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असं मी ठरवलं होतं.

त्यांची एक-दोन वाक्यं ठरलेली होती. "घर म्हंजे जनावर हाये. रोज पाठीवर हात फिरवा लागते." आणि "भाडेकरू येते-जाते, भीत थोडीच जाते." भीत म्हणजे भिंत.

नवऱ्याचा स्वभाव कोणाचं मन न दुखावण्याचा. त्याने एकदा फार गोड शब्दांत सांगून पाहिलं की आबा, घरात वाढत्या वयाची मुलगी आहे, येताना जरा आवाज देत जा. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याच घराले आवाज द्याचा? लोक म्हनतीन, याचं घर नाही." नवरा घरात येऊन म्हणाला, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, म्हातारा आहे म्हणून दार आपोआप बंद होत नाही.

मग मी माझा उपाय केला. तो सांगायला आज थोडं हसू येतं. आबा देवपूजेचे पक्के, शिवाशिव मानणारे. एके दिवशी मी अंगणात आबांच्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, की आज मी बाहेरची आहे. आजींनी ते टिनाखाली पोचवलं. चार दिवस आबा फिरकले नाहीत. दिवसभर मी शाळाशाळांतून मुलींना सांगत फिरायची की पाळीत विटाळ वगैरे काही नसतो, लोणचं नासत नाही, पापड काळे पडत नाहीत. आणि घरी येऊन त्याच विटाळाचं कुलूप दाराला लावायची. लेक म्हणाली, "आई, तू आमच्या शाळेत काय सांगून गेलीस ते आठवतं ना?" मी म्हटलं, शाळेच्या दाराला कडी आहे. पण उपाय फार टिकला नाही. मी महिन्यातून दुसऱ्यांदा बाहेरची झाले तेव्हा आजी एका वाटीत कसलासा काढा घेऊन आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "बाई, तू दुसऱ्यायले गोया वाटते, सोताले दाखव ना कोनाले." पाचव्या दिवशी आबा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबून चारही दिवसांचे राहिलेले हात भिंतीवर फिरवून गेले.

या सगळ्यात मी एक गोष्ट बघायला उशीर केला. मला हा त्रास होता. लेकीला ती भीती होती. मी बाहेर पडले की ती घरात एकटी असायची, आणि मागची खोली तिची होती. तिने हळूहळू त्या खोलीत कपडे बदलणं सोडलं, बाथरूममध्ये जाऊन बदलायची. केस विंचरायलाही पुढच्या खोलीत. एप्रिलच्या उकाड्यात मागचं दार ओढून, त्याला अभ्यासाची खुर्ची लावून बसायची. खिडकीखाली उजेडात लावलेली तिची खाट दर दोन-चार दिवसांनी हातभर सरकलेली असायची, भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध. ती परत ढकलायची, खाट परत मधोमध. मला वाटायचं, झाडताना मीच सरकवत असेन. तिला ठाऊक होतं की मी नाही.

मग एका दुपारी ती मला आरोग्य केंद्रावर भेटायला आली. लसीकरणाचा दिवस होता, पोरांची रडारड चालली होती. ती व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "मी दहावीला मावशीकडे चिखलीला राहीन." मी म्हटलं, घरी बोलू. ती म्हणाली, "घरी नाही बोलायचं."

मी हातातलं काम सोबतिणीला दिलं आणि तिला बाजूच्या खोलीत घेतलं. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. जेवून ती दाराला खुर्ची न लावताच खाटेवर पुस्तक घेऊन पडली होती, डोळा लागला. काहीतरी हललं म्हणून जाग आली. डोळे उघडले तर आबा पायथ्याशी वाकलेले, दोन्ही हातांनी खाट धरून ओढत होते. ती खाटेवर होती, आणि खाट चालत होती. ती किंचाळली. ते म्हणाले, "मीच हाये," आणि खाट ओढायची तेवढी ओढून, मागच्या दाराने निघून गेले.

माझ्या कामात मी अशा गोष्टी ऐकलेल्या आहेत. कुठे काय विचारायचं ते मला माहीत आहे. मी विचारलं. तिने मान हलवली, नाही, हात लावला नाही, काही नाही, फक्त खाट. पण तिने घरात न थांबता दीड किलोमीटर उन्हातून माझ्याकडे यायचं ठरवलं होतं. तेवढं मला पुरेसं होतं. मी तिला शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे बसवलं आणि एकटी घरी गेले. पोलीस पाटलांकडे जायचं हे ठरलं होतं. त्याआधी एकदा समोरासमोर विचारायचं, एवढाच उशीर.

आबा आणि आजी अंगणात लिंबाखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी वांगी निवडत होते. मी उभ्यानेच विचारलं, "आबा, दुपारी खाट कोणी ओढली?"

"म्या."

"पोरगी झोपली होती तिच्यावर."

"हो न. हलकी हाये पोरगी. जेवत नाही काय बराबर?"

माझा आवाज कधी चढत नाही, तो दवाखान्यात चढवून उपयोगही नसतो. मी सांगितलं की इथून मी पोलीस पाटलांकडे जाणार आहे, आणि का ते तुम्हाला कळत नसेल तर आजींना विचारा. आबांनी हातातलं वांगं एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं. तेव्हा आजींनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा न आता. तोंड शिवलं काय तुमचं? काय समजून राह्यली बाई, ते तरी पाहा."

आबा उठले. माझ्याशी न बोलता चालू लागले. मी मागून गेले. लेकीच्या खोलीच्या बाहेरच्या बाजूला, खिडकीखाली, ज्वारीचा कडबा रचून ठेवला होता. तो आम्ही आलो तेव्हापासून तिथे होता, मी कधी विचारही केला नव्हता की गुरं नाहीत तर कडबा कशाला. आबांनी पेंढ्या बाजूला केल्या. जोतं आणि भिंत यांच्यात फट होती. त्यांनी तिच्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

"ही भीत भायेर चालली," ते म्हणाले.

मी शेतकऱ्याच्या घरची आहे, तेव्हा पुढचं त्यांना फार सांगावं लागलं नाही. आमच्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची. पांढरी म्हणजे जिथे वस्ती असते, आणि काळी म्हणजे जिथे पेरतात. काळी उन्हाळ्यात वाळून आक्रसते, तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते. म्हणून काळीत घर बांधत नाहीत. बांधलं तर ते दरवर्षी तिच्याबरोबर खाली-वर होतं. कडी का लागत नाही, दार का फुगतं, पट्ट्या का फाटतात, हे सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. पट्टी विंचवासाठी नव्हतीच. फाटली म्हणजे भेग वाढली, एवढं कळायला ती होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थोडी थोडी त कवाचीच. पावसात मांगं येत जाय. औंदा आली नाही."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही."

"सांगतलं असतं त राह्यल्या असत्या काय तुमी?"

"नाही."

"मंग."

त्या 'मंग'वर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. तो इतका सरळ होता की क्षणभर मला राग सुद्धा सुचला नाही. ते लपवत होते, आणि लपवताना पोरीचा जीव जाऊ नये म्हणून रोज येऊन खाट सरकवत होते. एका हाताने तिला त्या भिंतीखाली ठेवलं होतं आणि दुसऱ्या हाताने तिथून ओढत होते. दोन्ही हात त्यांचेच, आणि दोन्ही खरे.

बाकीचं आजींनी सांगितलं. आबांची आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा गावातलं, पांढरीतलं घर भावाला गेलं. आबांनी रस्त्याकडचं शेत घेतलं आणि त्यात घर बांधलं. वडील नको म्हणत होते, गवंडी नको म्हणत होता. वास्तुशांतीच्या पंगतीत भाऊ बुंदी वाढून घेता घेता चार लोकांत म्हणाला, "पाहू, किती उन्हाळे काढते ते." तेव्हापासून आबांनी प्रत्येक उन्हाळा या घराच्या उशाशी बसून काढला. स्वतः टिनाखाली गेले, कारण मालक काय, हट्टानेही राहतो, पण स्लॅबखाली भाडेकरूची धुणी वाळत असली म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या गावाला दिसतं, घर उभं आहे, लोक राहतात. रिकामं पडलं की भाऊ जिंकला.

मला त्या दुकानदाराचं बोलणं आठवलं. घर चांगलं, मालक वेडा. गुरुजी, बँकवाले, तलाठी, सगळे माणसाला कंटाळून गेले होते. भिंतीबद्दल कोणाला कळलं नव्हतं. आबांना गाव वेडं म्हणतं हे आबांना माहीत नसेल? चांगलं माहीत होतं. घराचं नाव राखायला त्यांनी स्वतःचं घालवलं होतं, आणि हा सौदा त्यांना बरा वाटत असावा. यात मोठेपणा आहे असं मी म्हणणार नाही. भिंत पडली असती तर माझी लेक गेली असती आणि त्यांचं वेडही कामाला आलं नसतं. पण असा सौदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी पोलीस पाटलांकडे गेले नाही. लेकीला घेऊन आले आणि आबांना सांगितलं, मला जे दाखवलं ते हिला दाखवा. माझी समजूत घालून उपयोग नाही, खाट हिची होती.

त्यांनी पुन्हा कडबा सरकवला, पुन्हा हात घातला. ती लांबूनच पाहत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग मला उठवलं का नाही?"

"झोपेतल्या लेकराले काऊन उठवा?"

"मी घाबरले होते, आबा. मला वाटलं..."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. आजींनी पदर तोंडाला लावून मान फिरवली. काय वाटलं ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचलं ते मला दिसलं. ते तिथेच कडब्याच्या पेंढीवर बसले. मग म्हणाले, "मीच होतो न, बाई."

"तेच तर," लेक म्हणाली.

मग तिने त्यांना नियम सांगितला. माझ्याशी न ठरवता, तिथल्या तिथे. मागचं दार बंद. भिंत पाहायची असेल तर पुढच्या दाराशी यायचं, बाहेर उभं राहून हाक मारायची, आणि ती 'या' म्हणाली तरच आत. आबा पेंढीतली एक काडी मोडत बसले. आजी म्हणाल्या, "आइकलं न?"

दुसऱ्याच दिवशी मी गवंडी बोलावला. त्याने भिंत पाहिली, आबांना चार शब्द सुनावले, आणि सांगितलं की बाहेरून टेकू दिला तर एवढ्यात पडत नाही, पण त्या खोलीत कोणाला झोपवू नका. टेकू दिला. लेकीची खाट पुढच्या खोलीत आली, मागच्या खोलीत नुसती अडगळ राहिली. मी गवंड्याकडून मागच्या दाराच्या चौकटीत कडीसाठी नवं भोक पाडून घेतलं. आबा शेजारी उभे राहून पाहत होते. छिन्नीचा प्रत्येक घाव त्यांना लागत असावा, पण त्यांनीच गवंड्याला सांगितलं, "थोडं खाली घे. जेठात अजून उतरते ते."

दुसरं घर मिळायला दसरा उजाडला. आम्ही निघालो तेव्हा आबांनी सामान ट्रॉलीत चढवायला मदत केली आणि आजींनी लेकीच्या हातात वांग्यांची पिशवी दिली. त्यानंतर माझ्या आणखी दोन बदल्या झाल्या. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना एसटी त्या रस्त्याने गेली. घर उभं होतं. मागच्या खोलीच्या भिंतीला आता लोखंडी टेकू होते आणि गच्चीवर कोणाची तरी धुणी वाळत होती. आतल्या लोकांना सांगितलेलं असेल की नाही, कोण जाणे. मी उतरले नाही. लग्नाला उशीर झाला असता, आणि आता ते घर माझं नव्हतं. पण लग्नाहून परतल्यावर कोपऱ्यावरच्या त्या किराणा दुकानाचा नंबर शोधून फोन लावला आणि दुकानदाराला सांगितलं की आबांच्या घरात राहणाऱ्यांना म्हणावं, मागची खोली झोपायला वापरू नका. तो म्हणाला, "आबा सोताच सांगते, मॅडम, घर दाखवतानाच. तरी बी राह्यते लोक. भाडं कमी केलं न त्यानं."

मला मात्र आबा आठवतात ते त्या सगळ्यामधल्या एका संध्याकाळचे. खाट पुढे आणून थोडे दिवस झाले होते. सुरुवातीला आबांनी जुनीच रीत चालवून पाहिली. मागच्या दाराला हात लावला, कडी लागलेली, परत गेले. मग पुढच्या दारी येऊन नुसते खाकरून उभे राहिले. लेक आतून हलली नाही. खाकरणं म्हणजे हाक नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हाही परत गेले. भिंतीकडे न पाहता राहणं त्यांना किती जड जात होतं ते अंगणातल्या त्यांच्या येरझाऱ्यांवरून कळायचं. मी मध्ये पडले नाही.

त्या संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले तर आबा आमच्या पुढच्या पायरीवर बसलेले. स्वतःच्या घराच्या पायरीवर, पायात चपला तशाच, तोंड रस्त्याकडे. बाजारची वेळ, अर्धं गाव तिथून जात होतं. एकाने सायकल हळू करून विचारलं, "काय आबा, भायेर काऊन बसले?"

"हवा खाऊन राह्यलो," आबा म्हणाले.

सायकल गेल्यावर मी विचारलं, काय झालं. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "हाक मारली. पोरगी थांबा म्हने."

मी आत गेले. लेक खाटेवर बसली होती. पुस्तक मांडीवर मिटलेलं. ती अभ्यास करत नव्हती, काहीच करत नव्हती.

"त्यांना का बसवलंस?" मी हळूच विचारलं.

"बसू दे अजून थोडं," ती म्हणाली.

त्या एका वर्षात मी तिला पुष्कळ गोष्टी समजावल्या होत्या. या बाबतीत समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि तिच्या शेजारी बसले. दार उघडंच होतं. मधे नुसता पडदा होता, आणि पडद्याखालून त्यांच्या कोपरीची कड दिसत होती. त्यांना उठून आत यायला काही अडचण नव्हती.

रस्त्यावर परत कोणीतरी थांबलं. आवाज ओळखीचा नव्हता, बोलण्यात थट्टा होती. काय आबा, भाडेकरूनं घराबाहेर काढलं काय तुमाले? आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "पोरगी अभ्यास करून राह्यली तिच्या घरात. झाला की बोलावते मले."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक खाटेवर ठेवून ती पडदा बाजूला करायला उठली.